खालच्या लिंकचा ब्रॅकेट: घरी बांधलेल्या ऑफ-रोड गाडीसाठी भाग घडवताना

ऑफ-रोड गाडी घरी बांधायला घेतली की सुरुवातीचे महिने जुळवाजुळवीत जातात. इंजिन एका गाडीचं, एक्सल दुसऱ्या गाडीचा, चेसिस तिसरीची. मग असा एक भाग लागतो जो कुठेच तयार मिळत नाही, कारण नेमकी अशी गाडी कोणी बनवलेलीच नसते. तो भाग आपल्यालाच घडवावा लागतो.

या लेखात मी एकच भाग घेतो आहे आणि तो शेवटापर्यंत नेणार आहे: मागच्या एक्सलच्या नळीवर बसणारा खालच्या लिंकचा ब्रॅकेट, आणि त्यात अडकणारी लिंक, म्हणजे एक्सलला चेसिसशी जोडून जागेवर धरणारा पाईपचा दांडा. मापं घेणं, कापणं, भोक पाडणं, बसवणं, वेल्डिंग, तपासणी हे सगळं त्यात येतं. हा भाग नीट जमला की शॉकचे माउंट, स्किड प्लेट, बंपर, विंचची बैठक हे त्याच पद्धतीने होतं. उलट हाच भाग तुटला तर एक्सल जागेवरून फिरतो आणि इंजिनाची ताकद एक्सलपर्यंत नेणारा प्रोपेलर शाफ्टसुद्धा निखळू शकतो. म्हणून इथे घाई नको.

आधी जोर मोजा

ब्रॅकेट कसा दिसावा हे ठरवण्याआधी त्याच्यावर काय येणार ते काढायला हवं. गणित शाळेतल्या तरफेइतकंच आहे. समजा गाडीचं वजन १५०० किलो आहे आणि चढावर त्यातलं ९०० किलो मागच्या एक्सलवर आलं आहे. कोरड्या खडकावर टायरची पकड वजनाच्या जवळपास जाऊ शकते, म्हणजे जमिनीकडून मिळणारा रेटा साधारण ९००० न्यूटन. हा रेटा लागतो जमिनीच्या पातळीला, आणि लिंक असतात त्याच्या बऱ्याच वर. अंदाज चुकतो तो इथेच.

खालच्या लिंकचं भोक जमिनीपासून ३५ सेंमीवर, वरच्या लिंकचं ५५ सेंमीवर आणि लिंक जवळपास आडव्या आहेत असं धरा. वरच्या भोकाभोवती तरफ मांडली की ९००० गुणिले ५५ भागिले २०, म्हणजे २४,७५० न्यूटन. दोन्ही खालच्या लिंक मिळून जमिनीच्या रेट्याच्या पावणेतीन पट दाब सोसतात, आणि वरच्या लिंकवर त्याच वेळी १५,७५० न्यूटनची ओढ येते. दोन भोकांमधलं उभं अंतर २० ऐवजी २५ सेंमी केलं, म्हणजे वरचं भोक ६० वर नेलं, तर खालचा जोर २१,६०० वर येतो. एक ग्रॅम लोखंड न वाढवता साधारण १३ टक्के भार उतरतो. जागा असेल तर हे अंतर जरूर वाढवा.

एका ब्रॅकेटच्या वाट्याला आले १२,४०० न्यूटन, म्हणजे साडेबाराशे किलोच्या आसपास भार. हा झाला शांत चालीतला जोर. चाक गरगर फिरून एकदम खडकाला धरतं तेव्हाचा धक्का याच्या कितीतरी वर जातो. मी तिप्पट धरून चालतो.

आता १४ मिमीचा ८.८ ग्रेडचा बोल्ट घ्या. तो दोन प्लेटांच्या मधोमध असेल, म्हणजे तुटायला तो दोन जागी कापला जावा लागत असेल, तर तो सव्वा लाख न्यूटनच्याही वर तग धरतो. बोल्टची काळजीच नाही. काळजी भोकाची आहे. ६ मिमीच्या दोन प्लेटांमध्ये १४ मिमीच्या बोल्टला टेकायला १६८ चौरस मिमी जागा मिळते. तिप्पट जोरात तिथे साधारण २२० मेगापास्कल (दर चौरस मिमीला २२० न्यूटन) दाब येतो, आणि साधं माइल्ड स्टील २५० च्या आसपास कायमचं दबायला लागतं. प्लेट ३ मिमीची घेतली तर हाच दाब दुप्पट होतो, भोक हळूहळू लांबट होतं आणि प्रत्येक ब्रेकला 'टक' असा आवाज यायला लागतो. म्हणून या जागी ६ मिमी.

आणि प्लेटा दोन्ही बाजूंना हव्यातच. एकाच प्लेटवर बाहेर लोंबकळणारा बोल्ट वाकवला जातो, आणि वाकवण्यापुढे बोल्ट फार दुबळा असतो.

लिंकचा पाईप दगडासाठी निवडायचा

लिंक दाबाने वाकेल अशी भीती बऱ्याच जणांना असते. ९० सेंमी लांबीच्या, ५० मिमी बाहेरच्या व्यासाच्या, ६ मिमी जाडीच्या पाईपला सरळ दाबून वाकवायला वर काढलेल्या जोराच्या कित्येक पट जोर लागेल. खालची लिंक वाकते ती मधोमध दगडावर टेकल्यामुळे.

मध्यावर ५००० न्यूटन आले, म्हणजे गाडीचा एक कोपरा दगडावर बसला, असं धरा. ५० मिमी व्यास आणि ६ मिमी जाडीत ताण १४० मेगापास्कलच्या आत राहतो. तोच ५० चा पाईप ३ मिमी जाडीचा असेल तर २३० च्या आसपास, म्हणजे अगदी काठावर. आणि ३८ मिमी व्यास, ३ मिमी जाडी असेल तर ४२० च्या आसपास, म्हणजे साध्या माइल्ड स्टीलचा पाईप वाकलाच. हे सगळे आकडे गाडी दगडावर अलगद टेकल्याचे आहेत, आपटल्याचे नाहीत. म्हणून खाली ५० गुणिले ६. वरच्या लिंकला दगड लागत नाही, तिथे हलका पाईप चालतो.

भरीव सळी वापरावी का, असं नेहमी विचारलं जातं. वापरू नये. ३८ मिमी व्यास आणि ३ मिमी जाडीच्या पाईपइतक्याच वजनाची भरीव सळी जेमतेम साडेवीस मिमी व्यासाची होते आणि वाकण्याला जवळपास सहापट कमी विरोध करते. लोखंड मध्यापासून जितकं दूर तितकं ते जास्त कामाचं.

पाईप घेताना सीमलेस घ्या, किंवा चांगल्या प्रतीचा, शिवण आतून साफ केलेला. पाण्याचा गॅल्व्हनाइझ्ड पाईप या कामाचा नाही. तो पाण्याच्या दाबासाठी बनलेला असतो, त्याच्या ताकदीची हमी कोणी देत नाही, आणि वरचं जस्त जळून निघणाऱ्या धुराने काही तासांत थंडी वाजून ताप भरतो.

गाडी तिच्या खऱ्या उंचीवर उभी करा

जमीन सपाट हवी. गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीही नाही. चेसिस ज्या उंचीवर चालवायची आहे त्या उंचीला टेकवा. स्प्रिंगा काढून ठेवा, एक्सल वेगळ्या जॅकवर घ्या, चाकं लावलेली असू द्या. स्प्रिंगा असताना एक्सल पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेणं जमत नाही, आणि तेच तर बघायचं आहे.

ब्रॅकेटचा विचार करण्याआधी पिनियनचा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट एक्सलला जिथे जोडला जातो त्या गिअरच्या दांड्याचा, कोन ठरवा. हा क्रम उलटा झाला तर पुढे सगळं कापून काढावं लागतं. प्रोपेलर शाफ्टला दोन टोकांना साधे युनिव्हर्सल जॉइंट असतील तर गिअरबॉक्सकडचा शाफ्ट आणि पिनियन एकमेकांना समांतर हवेत. वरच्या टोकाला दुहेरी जॉइंट असेल तर पिनियनचा रोख सरळ त्या जॉइंटकडे हवा. कोन मोजायला चुंबकाचा कोनमापक सगळ्यात बरा. मोबाइलमधलं लेव्हलही चालतं, फक्त ते प्रत्येक वेळी त्याच कडेवर आणि त्याच बाजूने टेकवा.

कोन ठरला की एक्सल तिथेच अडकवून टाका. अँगलच्या दोन पट्ट्या एक्सलपासून चेसिसपर्यंत तात्पुरत्या टाक्यांनी (वेल्डिंगच्या छोट्या ठिपक्यांनी) लावल्या तरी पुरतं. मग चाकांची जागा तपासा. चेसिसच्या पुढच्या एका ठरलेल्या भोकातून ओळंबा सोडा, जमिनीवर खूण करा, दुसऱ्या बाजूलाही तसंच. एक्सलच्या दोन्ही टोकांच्या खुणा घ्या. दोन्ही कर्ण मोजा. फरक ३ मिमीच्या आत आल्याशिवाय पुढे जाऊ नका. एवढा वेळ इथे घालवला नाही तर गाडी सरळ रस्त्यावरही तिरकी चालते.

आता जोडाला किती कोनात फिरावं लागणार ते काढा. चाकांमधलं अंतर १५० सेंमी असेल, एक चाक २० सेंमी वर आणि दुसरं २० सेंमी खाली गेलं, तर एक्सल जवळपास १५ अंश तिरका होतो. लिंकच्या टोकाचा जोड तेवढा पिळला गेला पाहिजे. गोल बॉल असलेले रॉड एंड घेणार असाल तर बनवणाऱ्याच्या तक्त्यात दिलेला कोन बघा. उघड्या जोडाला तो पुरत नसेल तर बाजूला निमुळते स्पेसर लागतात, आणि त्यामुळे ब्रॅकेटची रुंदी बदलते. म्हणून जोड आधी हातात यावा, ब्रॅकेट मागाहून आखावा. रोजच्या वापराच्या गाडीला एका टोकाला रबरी बुश (बोल्टभोवतीची धातूची बाही आणि तिच्यावरचं रबर) आणि दुसऱ्या टोकाला फिरता जोड ही माझी आवड आहे. रबर आवाज आणि कंप खातं, फिरता जोड पीळ सोसतो.

पुठ्ठा

माझ्या मते सगळ्या कामात सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे जाड पुठ्ठा आणि कात्री. ३ मिमीचा पुठ्ठा असेल तर दोन थर चिकटवा म्हणजे ६ मिमीच्या प्लेटची जाडी खरी मिळते. पुठ्ठ्यातून खरा बोल्ट घाला, बोल्टवर खरा बुश बसवा, आणि हा पुठ्ठ्याचा ब्रॅकेट चिकटपट्टीने एक्सलवर लावा.

एक्सलच्या नळीवर तो कुठे बसणार ते शोधायला कागदाची पट्टी वापरा. ७६ मिमीच्या नळीला ती गुंडाळली तर घेर साधारण २३९ मिमी येतो. टोक जिथे टोकाला भेटतं तिथे पेन्सिलीची रेघ मारा, पट्टी सोडवा, रेघेवर रेघ आणून घडी घाला, पुन्हा घडी घाला. तीन घड्या आणि एक जोड, असे नळीचे चार अचूक चतुर्थांश तुमच्या हातात. पट्टी पुन्हा नळीवर बसवून खुणा उतरवा. ही पट्टी नाव घालून जपून ठेवा, दुसऱ्या बाजूचा ब्रॅकेट तिच्यावरूनच आखायचा आहे.

मग जॅकने एक्सल वर न्या, खाली न्या, एका बाजूला तिरका करा. दर वेळी खाली झोपून बघा. लिंक ब्रॅकेटच्या कडेला घासते का? ब्रेकची नळी कुठे दबते का? टायर कुठे लागतो? बोल्ट बाहेर काढायला सरळ जागा आहे का, आणि त्यावर पाना बसून निदान एक सहावा भाग तरी फिरतो का? हा शेवटचा प्रश्न मी आता सगळ्यात आधी विचारतो. एकदा मी ब्रॅकेट फार देखणा बनवला होता, आणि बोल्टचं डोकं शॉकच्या माउंटला इतकं चिकटून आलं की बुश बदलायला शॉक उतरवावा लागायचा. चिखलात गाडी अडली असताना असा ब्रॅकेट जिवावर येतो.

जिथे लागतं तिथे पुठ्ठा कापा, पुन्हा लावा. तीन-चार पुठ्ठे वाया गेले तर काम बरोबर चाललं आहे असं समजा.

आखणी, कापणी, भोक

६ मिमीच्या प्लेटचं वजन चौरस मीटरला ४७ किलो पडतं. त्यामुळे जास्तीचं लोखंड ठेवण्याचा मोह आवरा, पण भोकाभोवती आवरू नका. भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत बोल्टच्या व्यासाच्या दुप्पट अंतर ठेवा, म्हणजे १४ च्या बोल्टला २८ मिमी. त्याहून कमी असलं तर भोकापासून कडेपर्यंतचा पट्टा फाटायला लागतो.

आखणी टोकदार सुईने करा, खडूने नको. खडूची रेघच दोन मिमी जाड असते. आतले कोपरे कधीही काटकोनात कापू नका. आधी कोपऱ्यावर १० किंवा १२ मिमीचं भोक पाडा आणि मग दोन्ही बाजूंनी त्या भोकापर्यंत कापत या. आतल्या तीक्ष्ण कोपऱ्यात ताण गोळा होतो आणि तडा तिथूनच निघतो. कडाही शेवटी कानशीने मोडून गुळगुळीत करा, ग्राइंडरचे आडवे ओरखडे तसेच ठेवू नका.

कापायला १ मिमीची पातळ चकती. चकतीवर छापलेला वेग ग्राइंडरच्या वेगापेक्षा जास्त असायलाच हवा. १२५ मिमीची चकती साधारण १२,२०० फेऱ्यांपर्यंत चालते, २३० मिमीची फक्त ६,६०० पर्यंत. लहान ग्राइंडरचं गार्ड काढून त्याला मोठी चकती लावणं म्हणजे तोंडासमोर फुटणारी वस्तू धरणं आहे. कापताना शरीर चकतीच्या रेषेत ठेवू नका, आणि कापलेला तुकडा मिटून चकती चावणार नाही असा आधार द्या.

डाव्या-उजव्या दोन्ही प्लेटा एकमेकींवर ठेवून, कडेला दोन टाके मारून, भोक एकदमच पाडा. वेगवेगळी पाडलेली भोकं कागदावर कितीही बरोबर असली तरी बोल्ट घालताना ती एका रेषेत येत नाहीत. आधी सेंटर पंच, मग ५ मिमीचं भोक, मग टप्प्याटप्प्याने १४. ड्रिलचा वेग हळू ठेवा. साध्या एचएसएस ड्रिलला माइल्ड स्टीलमध्ये कडेचा वेग मिनिटाला २५ मीटरच्या आसपास झेपतो, म्हणजे १४ मिमीला मिनिटाला ५७० फेऱ्या. हातातलं ड्रिल मशिन पूर्ण वेगात चालवलं की ड्रिल निळं पडतं आणि त्याची धार गेली. तेल घालत राहा, दाब भरपूर, वेग कमी. लांबलचक कुरळी किस निघायला लागली की सगळं ठीक आहे. भुगा आणि किंचाळणं सुरू झालं की थांबा, ड्रिलला धार लावा.

भोक १४ चंच ठेवा. 'सहज जावा' म्हणून १४.५ केलं की पहिल्या दिवसापासून हालचाल.

नळीवर बसवणं आणि टाके

प्लेटची कमान नळीवर इतकी नेमकी बसावी की कुठेही १ मिमीपेक्षा जास्त फट राहू नये. पुठ्ठ्यावरून कापा, नळीवर टेकवा, मागे दिवा धरून फट बघा, अर्धगोल कानशीने घासा, पुन्हा टेकवा. फट वेल्डिंगने भरता येते, पण भरलेलं वेल्डिंग थंड होताना आकसतं आणि ब्रॅकेट ओढून वाकडा करतं.

मग नळी उघडी चकचकीत करा. जोडाभोवती २५ मिमीपर्यंत रंग, गंज, तेल, आणि नव्या प्लेटवरची करडी पापडीसुद्धा काढा. ती पापडी चांगल्या लोखंडासारखी दिसते पण वेल्डिंगला नीट धरू देत नाही.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो. वेल्डिंगच्या जागी ब्रेक क्लीनर मारू नका. क्लोरिन असलेल्या ब्रेक क्लीनरपासून वेल्डिंगच्या उष्णतेने आणि प्रकाशाने फॉस्जीन वायू तयार होतो. तो थोडा जरी श्वासात गेला तरी फुप्फुसं निकामी होऊ शकतात, आणि त्रास काही तासांनी दिसायला लागतो. ॲसिटोनने पुसा, पूर्ण वाळू द्या, बाटली आणि चिंधी लांब ठेवा.

टाके मारताना बुश आत ठेवू नका, रबर जळतं. त्याच्या जागी पाईपचा एक स्पेसर लेथवर करून घ्या, बुशाच्या बाहीपेक्षा अर्धा मिमी रुंद, आणि तो जुन्या बोल्टने आत आवळून टाका. माझ्या पहिल्या ब्रॅकेटला हा स्पेसर नव्हता. वेल्डिंग सुंदर झालं, आणि थंड झाल्यावर दोन प्लेटांची तोंडं एकमेकींकडे दीड मिमी ओढली गेलेली. बुश आत जाईना. तापवून, पहारीने फाकवून तो ब्रॅकेट कसाबसा बसला, पण फाकवलेल्या जोडावर मला कधी भरवसा वाटला नाही आणि तो मी कापून टाकला. स्पेसर करायला अर्धा तास लागतो.

प्रत्येक प्लेटला चार टाके मारा. दोन्ही ब्रॅकेट टाक्यांवर उभे राहिले की सगळं पुन्हा मोजा: पिनियनचा कोन, कर्ण, दोन्ही भोकांची जमिनीपासूनची उंची. लिंक तात्पुरत्या लावून एक्सल पुन्हा वर-खाली नेऊन बघा. आता चूक सापडली तर टाका कापायला दोन मिनिटं लागतात.

वेल्डिंग

गाडीवर वेल्डिंग करण्याआधी त्याच जाडीच्या उरलेल्या तुकड्यांचा एक उलटा टी जोडा. एकाच बाजूने वेल्ड करा, थंड होऊ द्या, शिकंज्यात धरा आणि उभी प्लेट वेल्डिंगच्या बाजूला हातोड्याने पाडा. वेल्ड वाकला, किंवा फाटताना धातूचा करडा तंतुमय भाग दिसला, तर सेटिंग बरोबर आहे. वेल्ड खालच्या प्लेटवरून साल निघावी तसा सुटला आणि मुळाशी मूळची सपाट चकचकीत कड तशीच दिसली, तर धातू एकमेकांत मिसळलाच नव्हता. वरून तो कितीही देखणा असो. करंट वाढवा, पुन्हा करा. दर वेळी, प्रत्येक नव्या जाडीला, मी हा तुकडा करतोच. आपलं वेल्डिंग धरतं की नाही हे घरी कळण्याचा याहून खरा मार्ग मला माहीत नाही.

६ मिमीला ३.१५ मिमीचा ६०१३ क्रमांकाचा वेल्डिंग रॉड असेल तर ९० ते १३० अँपिअरच्या मध्ये कुठेतरी नीट बसतं. ७०१८ जास्त चिवट जोड देतो, पण तो कोरडा हवा. उघड्या पुड्यातला दमट ७०१८ वापरण्यापेक्षा कोरडा ६०१३ बरा. मिग मशिन (तार आपोआप पुढे सरकवणारं) असेल तर आरगॉन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण वापरा, आणि मशिन ६ मिमी झेपणारं आहे ना ते आधी बघा. लहान मिग मशिनवर जाड प्लेटला वेल्ड छान चढलेला दिसतो आणि खाली धरलेला नसतो. हा धोका रॉडपेक्षा मिगमध्ये जास्त आहे.

सुरू करण्याआधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढा. एक्सलच्या आतले शाफ्ट, बेअरिंग, ऑइल सील काढून घ्या, ऑइल रिकामं करा. अर्थची क्लॅम्प ब्रॅकेटच्या जवळच लावा, म्हणजे करंट बेअरिंगमधून जाणार नाही. पेट्रोलची टाकी आणि नळ्या जवळ असतील तर उतरवून लांब ठेवा. काम संपल्यावर निदान अर्धा तास तिथून हलू नका. गादीत, वायरीत, सुक्या गवतात गेलेली ठिणगी बराच वेळ धुमसत राहते.

एकाच बाजूने सलग वेल्ड ओढला की एक्सलची नळी केळ्यासारखी वाकते. म्हणून २५ ते ३० मिमीचा एक तुकडा डाव्या ब्रॅकेटवर, मग उजव्यावर, मग डाव्याच्या मागच्या बाजूला. मध्ये थांबा. हात लावता येईल इतकी नळी गार झाली की पुढचा तुकडा. पाणी ओतून गार करू नका, त्याने जोड कडक होऊन तडकू शकतो. वेल्डचा पाय ५ ते ६ मिमी असावा, आणि प्लेटच्या टोकाला वेल्ड थांबवू नका, कोपऱ्याला वळसा घालून पुढे न्या. संपलेल्या टोकाला खड्डा राहू देऊ नका, भरून काढा. झालेला वेल्ड घासून सपाट करण्याची हौस इथे करू नका, जी जाडी घासली जाते तीच भार वाहणार होती.

एक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा बहुधा ओतीव लोखंडाचा असतो. त्यावर साध्या रॉडने वेल्ड केलं तर शेजारचा भाग काचेसारखा ठिसूळ होतो. ब्रॅकेट नळीवरच ठेवा, गोळ्यापासून लांब.

सगळं गार झाल्यावर स्लॅग झटकून भिंग घेऊन बघा. प्लेटच्या कडेला खणल्यासारखी खाच, बारीक छिद्रं, टोकाशी केसाएवढी रेघ. शंका असली तर तडा शोधणारा लाल रंग मारा, पुसा, वर पांढरी पूड फवारा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. एक्सल सरळ राहिला की नाही ते दोन टोकांमध्ये ताणलेल्या बारीक तारेने तपासा.

चेसिसकडची बाजू

चेसिसचा पत्रा बहुतेक वेळा ३ मिमीच्या आसपास असतो आणि त्यावर ६ मिमीचा ब्रॅकेट थेट लावला तर ब्रॅकेट टिकतो, पत्रा फाटतो. मध्ये ४ किंवा ५ मिमीची मोठी प्लेट घाला, टोकं निमुळती किंवा गोल. वेल्ड चेसिसच्या लांबीच्या दिशेने घ्या. वरच्या आणि खालच्या पट्टीवर आडवा वेल्ड टाळा, चेसिस वाकताना सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो आणि आडव्या वेल्डशेजारी तडा जातो.

लिंक

पाईपच्या टोकात आटे पाडलेला बंग, म्हणजे रॉड एंड फिरवून बसवायचा लोखंडी तुकडा, बसतो. तो सैल नको, हातोडीने ठोकून जाईल इतका घट्ट हवा. पाईपच्या बाजूला १२ मिमीची दोन भोकं पाडून त्यांतून आतल्या बंगला वेल्ड करा, मग टोकाभोवती पूर्ण वेल्ड. एका टोकाला उजवे आणि दुसऱ्याला डावे आटे ठेवले तर लिंक जागेवरच फिरवून लांबी जुळवता येते. रॉड एंड व्यासाच्या निदान दीडपट खोल आत गेलेला असावा, आणि लॉकनट आवळलेला. वेल्ड करताना रॉड एंड काढून ठेवा. आटे तेलकट साध्या बोल्टने भरून ठेवले तर ठिणग्यांपासून वाचतात.

बोल्ट, रंग, पहिली फेरी

बोल्टची लांबी अशी निवडा की दोन्ही प्लेटांमधून त्याचा बिनआट्यांचा गुळगुळीत भाग जाईल. आटे भोकात आले की ते कानशीसारखं भोक खातात. आणि बोल्ट तक्त्याप्रमाणे टॉर्क रेंचने आवळा, कारण हा जोड बोल्टच्या आवळण्याने धरून राहतो. बुशाची बाही दोन प्लेटांमध्ये घट्ट दाबली गेली की प्लेटा भोकावर घासतच नाहीत. रबरी बुशाचा बोल्ट मात्र गाडी चाकांवर, तिच्या खऱ्या उंचीवर उभी असतानाच शेवटचा आवळा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

बाही जिथे प्लेटला टेकते तिथे जाड रंग लावू नका. रंग काही दिवसांत चेपतो आणि बोल्ट आपोआप सैल होतो. बाकी सगळीकडे प्रायमर आणि फिकट रंग. फिकट का, तर काळ्या रंगावर तडा दिसत नाही आणि फिकट रंगावर त्यातून निघालेली गंजाची तांबूस रेघ लांबून दिसते. ब्रॅकेट खालून पेटीसारखा बंद असेल तर तळाला १० मिमीचं भोक ठेवा, चिखलपाणी निघून जाईल.

बोल्टच्या डोक्यापासून प्लेटवर रंगाची एक सरळ रेघ ओढा. मोकळ्या मैदानात हळू चालवून, चार-सहा वेळा जोरात ब्रेक मारून परत या आणि रेघ बघा. पुन्हा टॉर्क तपासा. पहिल्या ५० किमीनंतर परत, आणि प्रत्येक खडकाळ फेरीनंतर. गाडी सार्वजनिक रस्त्यावर न्यायची असेल तर असे बदल तुमच्या इथल्या नियमांत बसतात का ते काम सुरू करण्याआधीच विचारून घ्या.

काही भाग मी घरी बनवत नाही, आणि तुम्हीही बनवू नयेत असं मनापासून वाटतं: स्टिअरिंगचे आर्म आणि नकल, हब, ब्रेकचे भाग, सीटबेल्टचे हूक. घडीव, उष्णता देऊन मुरवलेल्या स्टिअरिंग आर्मला तापवून वाकवलं किंवा त्यावर वेल्ड केलं की त्याची मूळची ताकद जाते, आणि ते बाहेरून कळत नाही.

तडा सापडलाच तर त्यावर नुसता वेल्ड चढवू नका. तड्याचं टोक शोधा, तिथे ३ मिमीचं भोक पाडा, तडा मुळापर्यंत घासून काढा आणि मगच भरा. त्याआधी तो ज्या कोपऱ्यातून सुरू झाला तो कोपरा नीट बघा. बहुतेक वेळा तिथे एक तीक्ष्ण आतला कोपरा, अर्धवट थांबवलेला वेल्ड किंवा सैल बोल्टने चमकलेली चंद्रकोर सापडते. तेच कारण आधी दूर करा.